नहरीवरचं बोटयार्ड

मी ती नहर पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात पाणीच नव्हतं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या या छोट्या गावात आम्ही ऐन हिवाळ्यात राहायला आलो, आणि थंडीत इथला ईरी कालवा जवळजवळ रिकामा करून ठेवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गावाच्या मधोमध चिखलाचा लांबच लांब चर, त्यात पाण्याची एक बारीक रेघ, आणि काठावर पाटी: सुट्टीसाठी बोटी भाड्याने मिळतील. मी नवऱ्याला म्हटलं, "इथले लोक चिखलात बोटी चालवतात की काय?"

मी नागपूरची. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात, आणि नहर म्हणजे शेताला पाणी देणारी. तिच्यावर कुणी सुट्टी घालवायला जात नाही. पोहता येणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

त्याआधी बरीच वर्षं आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला होतो. तिथे आपली माणसं भरपूर. पोहे संपले की भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला जायचं, पार्किंग शोधत तीन चकरा मारायच्या, येताना जिलेबी घेऊन यायचं. रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदना असायची, मग जेवण. नवऱ्याला इथल्या एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात नोकरी मिळाली आणि हे सगळं सुटलं. इथे तुरीची डाळ आणायची म्हणजे तासभर ड्राइव्ह.

माझं शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. लग्नाआधी हिंगण्याच्या एमआयडीसीत डिझेल पंपांच्या कारखान्यात काम करत होते. अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्यावर मला काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा मुलगी मिडल स्कूलमध्ये पोचली होती. मग अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले. प्रत्येक ठिकाणी गाडी एकाच प्रश्नावर अडायची: "मधली इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?" विचारणारे प्रेमानेच विचारायचे, पण उत्तर ऐकलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

एप्रिलमध्ये एकदा मी कालव्याच्या काठाने फिरत होते. बोटींच्या त्या यार्डातून डिझेल इंजिन खोकल्याचा आवाज आला. सुरू व्हायचं, दोन ठोके मारायचं, मरायचं. माझे पाय आपोआप तिकडे वळले. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बोटी चढवून ठेवलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या मागच्या भागात सत्तरीची एक बाई गुडघ्यांवर बसली होती. अंगात तेलकट डगला, पांढऱ्या केसांची वेणी पाठीवर.

"डिझेलच्या लाइनमध्ये हवा असेल," मी दारातूनच म्हटलं.

"हवाच आहे," तिने वर न बघता उत्तर दिलं. "माहितीय मला. हात कमी पडतायत. तो पाना घे आणि इथे धर."

मी चढले. पाना धरला. तिने हाताने पंप मारला, नटाशेजारून फेसाळ डिझेल आलं, मग बुडबुडे थांबले. "आता आवळ," ती म्हणाली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि सगळी शेड थरथरली. माझ्या बोटांना डिझेलचा वास किती वर्षांनी लागला होता! घरी जाताना मी हात धुतले नाहीत.

"उद्या येशील?" तिने विचारलं. मधल्या वर्षांत मी काय करत होते, हे तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

ती त्या यार्डाची मालकीण. माझी मुलगी पुढे तिला बोटआजी म्हणायला लागली. मी तिला मालकीणबाईच म्हणते, आणि त्याचा अर्थ तिला समजावून सांगितल्यावर ती खूश झाली होती.

त्या वसंतात बोटींच्या बुडाला रंग देता देता तिने मला यार्डाची सगळी हकिगत सांगितली. तिच्या आजोबांनी ते उभं केलं. तेव्हा कालव्यातून धान्य, लाकूड, तेल घेऊन मालवाहू बोटी जायच्या आणि आजोबा त्यांची दुरुस्ती करायचे. मग मोठ्या रस्त्यांवरून ट्रक धावू लागले, बड्या जहाजांना समुद्रातून थेट आत यायला दुसरा मार्ग मिळाला, आणि कालवा ओस पडला. आजूबाजूची यार्डं एकेक करून बंद झाली. तिच्या वडिलांच्या हातात वेल्डिंगचं कसब होतं आणि दुरुस्तीला बोट एकही नव्हती. त्यांनी स्वतःच एक लांबट, बुटकी, लोखंडी बोट बांधली, आत पलंग टाकले, शेगडी बसवली, आणि शहरातल्या लोकांना आठवडाभर भाड्याने द्यायची ठरवली.

"गाव हसलं," मालकीणबाई म्हणाल्या. "पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, या डबक्यातून, पैसे मोजून कोण जाईल?"

"मग?"

"एक मास्तर आणि त्याची बायको आली. आठवड्याने परत आली ती उन्हाने लाल होऊन. उतरता उतरताच पुढच्या वर्षाचं बुकिंग करून गेली. वडिलांनी त्या हिवाळ्यात दुसरी बोट बांधायला घेतली."

असं करत करत सात बोटी झाल्या. भाऊ शहरात निघून गेले. यार्ड हिने चालवलं. नवरा लवकर वारला. एकुलता एक मुलगा व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, डेटा सेंटरमध्ये नोकरीला. वडिलांची ती पहिली बोट शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली होती. तिचं बूड गंजलं होतं, म्हणून तिला पाण्यात सोडत नसत.

मे महिन्यात कालव्यात पाणी आलं. आदल्या आठवड्यातला चिखल बघता बघता बुडाला आणि गावाला एकदम रूप आलं. मी मात्र काठापासून चार पावलं लांबच उभी राहिले.

"पोहता येत नाही?" मालकीणबाईंनी विचारलं. "मग लाइफ जॅकेट घाल आणि आजच शाळेच्या स्विमिंग पूलवर नाव दे."

पोहायला शिकवलं ते माझ्या मुलीने. ती शाळेच्या स्विमिंग टीममध्ये होती. "आई, किक! नो, डोंट फाइट द वॉटर!" असं ती काठावरून ओरडायची आणि शेजारच्या लेनमधली सहा-सात वर्षांची पोरं माझ्याकडे बघून खुदखुदायची. तळ सोडून पहिल्यांदा पलीकडच्या भिंतीला हात लावला, तेव्हा तिने पाण्यात उडी मारून मला मिठी मारली. "यू डिड इट, आई!" कितीतरी दिवसांनी ती लोकांसमोर मला अशी बिलगली होती.

बोट चालवणं त्या मानाने सोपं निघालं. मागे उभं राहायचं, सुकाणूचा दांडा हातात धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. नवशिक्याचं डोकं इथेच फिरतं. माझंही फिरलं, एकदा मी सरळ झुडपात शिरले. पण दुसऱ्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना शिकवायचं काम मालकीणबाईंनी माझ्याकडे दिलं. ओहायोहून आलेले एक रिटायर्ड गृहस्थ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत मालकीणबाईंना म्हणाले, "इन्स्ट्रक्टर कधी येणार?"

"तुमच्यासमोर उभी आहे," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी त्यांना दांडा दिला. ते थेट काठावर चढले. मी बांबूने बोट मागे ढकलली, पुन्हा दांडा दिला. तिसऱ्यांदा त्यांनी ती कालव्याच्या मधोमध सरळ ठेवली आणि बायकोकडे वळून असे हसले की त्यांचं वय गळून पडलं. आठवड्याने परत आले तेव्हा बोट धक्क्याला अलगद लावली, आणि खाली उतरून आधी माझ्याशी हात मिळवला.

तिसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत मालकीणबाई शिडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा मुलगा अ‍ॅशबर्नहून आलेला होता. चाळिशीचा, शांत, आईसारखेच हात असलेला. नदीकाठी, कालव्याकाठी फ्लॅट बांधणाऱ्या एका कंपनीला यार्डाची जागा हवी होती, आणि ती विकून टाकावी असं त्याच्या मनात होतं. तो वाईट माणूस नव्हता, दमला होता.

"आई, आता तुला शिडी चढता येणार नाही," तो म्हणत होता. "सीझनच्या सुरुवातीला निम्म्या बोटी रिकाम्या उभ्या असतात. मी तिथून किती बघणार?"

मालकीणबाई छताकडे बघत होत्या.

"एक सीझन मला द्या," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आपण हे बोललो यावर माझाही विश्वास बसत नव्हता. पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

"सुरुवातीच्या आठवड्यात काय करणार?" मुलाने विचारलं. "मेमधल्या थंडीत कोण येतं?"

"सगळ्या बोटी बाहेर पडतील."

"सातही?" मालकीणबाईंनी मान वळवली. "सातवी, ती ताडपत्रीखालची, पाण्यावर तरंगत नाही, माहितीय ना?"

"तरंगेल."

त्या हसायला लागल्या, मग खुब्यातून कळ आली म्हणून कण्हल्या, आणि पुन्हा हसल्या. मुलगा म्हणाला, "ठीक आहे. त्या कंपनीला मी उन्हाळ्यापर्यंत थांबवतो. सातही बोटी बाहेर पडल्या तर मी स्वतः त्यांना नाही म्हणून सांगेन."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला वेल्डिंग कुठे येतं?" दुसऱ्या दिवशी कम्युनिटी कॉलेजच्या वेल्डिंगच्या क्लासला त्यानेच माझं नाव घातलं.

तो हिवाळा मी कधी विसरणार नाही. बाहेर बर्फ, शेडमध्ये एक हीटर, आणि मालकीणबाई वॉकर घेऊन खुर्चीत बसलेल्या, मांडीवर ब्लँकेट. मी त्या जुन्या बोटीच्या बुडावर हातोडी मारत जायची आणि त्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "हे चांगलं. हे चांगलं. हे गेलं, खडूने खूण कर." सडलेला पत्रा कापला, नवा लावला. माझे वेल्डिंगचे पहिले सांधे बघून त्या म्हणाल्या, "इथे पोपट शिटलाय का?" मी घासून काढले आणि पुन्हा केले. हळूहळू सांधे सरळ यायला लागले. त्यांच्या वडिलांच्या सांध्याशेजारी माझा सांधा बसला, तेव्हा त्यांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. तपासणीला आलेल्या सर्व्हेयरने बोटीखाली शिरून अर्धा दिवस ठोकठोक केली, बाहेर येऊन गुडघे झटकले आणि म्हणाला, "चालेल. चालेल काय, पळेल."

राहिला प्रश्न माणसांचा. नवऱ्याने शनिवार-रविवार बसून यार्डाची वेबसाइट नवी केली, पण सुरुवातीचा आठवडा काही भरेना. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा नेमकी त्याच आठवड्यात येत होती. मी शॉमबर्गच्या काकांना फोन लावला. आमच्या तिथल्या वंदनेचे तेच पुढारी, चंद्रपूरकडचे, रिटायर्ड इंजिनियर.

"जय भीम, काका. यंदा पौर्णिमेचा हॉल बुक केला का?"

"जय भीम, बेटा. अजून नाही. का गं?"

"यंदा पाण्यावर करू या."

"पाण्यावर?" मागे काकूंना त्यांनी हे मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं. "अगं, थंडी किती असेल! आणि बोट चालवणार कोण?"

"तुम्ही."

मग काकूंनी फोन हातात घेतला. "शेगडी आहे का बोटीत?"

"प्रत्येक बोटीत आहे, काकू."

"मग खीर तिथेच करू. हे नाही म्हणाले तर मी चालवते."

पुढचे दोन आठवडे माझा फोन खाली ठेवला गेला नाही. शॉमबर्गची घरं आली, त्यांच्या ओळखीने अ‍ॅशबर्नची दोन कुटुंबं आली, शिकागोत शिकणारी नागपूर-अमरावतीकडची मुलं-मुली आली. "ताई, आम्हाला एक बोट पूर्ण द्या यार, आम्ही आठ जण आहोत." सहा बोटी भरल्या. सातवी, जुनी, मी मालकीणबाईंसाठी ठेवली.

तिला पाण्यात सोडायचा दिवस उजाडला. क्रेनने पट्ट्यात धरून उचलली, काठावरून पुढे नेली, हळूहळू खाली. बूड पाण्याला टेकलं. मी आधीच आत उतरून फळ्या उचलून बसले होते. तळ कोरडा. सांधे कोरडे. मग मागे, जिथून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो, तिथून पाणी आत यायला लागलं.

"शाफ्टकडून येतंय!" मी ओरडले.

"तिथून यायचंच!" काठावरून मालकीणबाई ओरडल्या. "नट आवळ. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं."

पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. धार बारीक झाली, मग तुटली, मग एकेक थेंब टपकायला लागला. तेवढा पाहिजेच असतो, शाफ्ट गार राहायला. मी वर येऊन दोन्ही हात उंचावले आणि काठावर जमलेल्या गावाने टाळ्या वाजवल्या.

पौर्णिमेच्या सकाळी कडक ऊन आणि बोचरा वारा होता. सात बोटी ओळीने उभ्या, प्रत्येकीवर पंचशील ध्वज फडफडतोय. पांढऱ्या साड्यांवर लाइफ जॅकेटं, पायांत स्नीकर्स. मी एकेका बोटीवर जाऊन दांडा धरायला शिकवला. काका दोनदा काठाला घासले. मग काकूंनी त्यांच्या हातातून दांडा काढून घेतला आणि बोट अशी सरळ नेली की विद्यार्थ्यांच्या बोटीवरून शिट्ट्या आल्या. "काकू, एक नंबर!"

जुन्या बोटीवर मालकीणबाईंना दोघांनी धरून चढवलं. मुलगा आदल्या दिवशीच अ‍ॅशबर्नहून आला होता. त्याने सांगितलं होतं की तो नुसता बघायला आलाय. मालकीणबाईंनी दांड्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "असा उभा काय राहिलास? दोर सोड."

त्याने दोर सोडला आणि उडी मारून बोटीवर आला.

आमची बोट पुढे, मागे सहा. गावाच्या टोकाला एक उचलता पूल आहे. बोट आली की सगळा रस्ताच आडवाच्या आडवा वर उचलला जातो. मालकीणबाईंनी मला खूण केली. मी भोंग्याचे तीन लांब आवाज काढले. पुलाच्या घंटा वाजू लागल्या, गाड्या थांबल्या, आणि तो पोलादी पूल संथपणे वर चढला. एका बोटीसाठी तो उचलला जाताना मी कितीदा पाहिला होता. त्या दिवशी एकामागून एक सात बोटी खालून गेल्या आणि तो तोवर वरच राहिला. लोक गाड्यांतून उतरून फोनवर शूटिंग करत होते. पुलावरच्या केबिनमधला ऑपरेटर टोपी काढून हलवत होता. मागच्या बोटींवरून "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू झालं आणि पाण्यावरून आमच्यापर्यंत पोचलं.

मुलीने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला होता. तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझी आई. ती बराच वेळ नुसती पाणी बघत राहिली.

"तुझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते," ती म्हणाली. "वरून कुणी ओतलं तर पाणी. आणि तू..." मग तिने डोळे पुसले आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कान झाक, वारा लागतोय."

मुलीने विचारलं, "आई, व्हॉट डिड आजी से?" मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, नीट, काही न गाळता. ती ऐकत राहिली. मग पुढे जाऊन बोटीच्या टोकावर बसली आणि तिने पाण्यात हात सोडला. पुढच्या गावापर्यंत तिने तो बाहेर काढला नाही, इतकं थंड पाणी असून.

पुढच्या गावात आम्ही सातही बोटी लावल्या. काठावर चटया टाकून वंदना झाली. काकूंनी मोठ्या पातेल्यात खीर केली होती. काठाच्या वाटेवरून जाणारे सायकलवाले, कुत्री फिरवायला निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या हातात त्यांनी वाट्या दिल्या. मालकीणबाईंनी दोनदा घेतली. त्यांचा मुलगा वाटी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला.

"आजोबांच्या वेळेसही असं झालं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्या बोटी पहिल्याच आठवड्यात." त्याने खिशातून फोन काढला. "जरा थांबा, एक फोन करून येतो."

तो काठाने थोडा पुढे गेला. त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण मालकीणबाई त्याच्या पाठीकडे टक लावून बघत होत्या. तो परत आला आणि आईला म्हणाला, "नाही म्हणून सांगितलं." मालकीणबाईंनी वाटी खाली ठेवली, माझा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि पाण्याकडे बघत बराच वेळ तसाच धरून ठेवला.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मला यार्डाची भागीदार केलं. आता आमच्याकडे विद्यार्थी येतात, रिटायर्ड जोडपी येतात, ओहायोचे ते गृहस्थ दर वर्षी नातवंडांना घेऊन येतात, आणि मेमधला पौर्णिमेचा आठवडा आदल्या वर्षीच्या पौर्णिमेलाच भरून जातो. मालकीणबाई शिडी चढत नाहीत, पण शेडमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही.

या हिवाळ्यात आम्ही आठवी बोट बांधायला घेतली आहे. मालकीणबाईंच्या वडिलांनंतर या यार्डात कुणी नवी बोट बांधली नव्हती. तळाचे पत्रे आले, ठोकळे मांडून झाले. काल मी फरशीवर खडूने बोटीची पूर्ण लांबी आखली आणि मालकीणबाई वॉकर घेऊन त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे पोचल्यावर वळून म्हणाल्या, "हातभर वाढव. तुमच्या लोकांना स्वयंपाकघर मोठं लागतं."

मी रेघ पुसली आणि पुढे वाढवली.